पाच वेळा चुकलेला पासवर्ड

लिव्हिंगस्टन,
सोमवार, २७ मे २०२४

मालुमे,

आईच्या पाठचे मामा म्हणून तुम्ही एकटेच उरलात, म्हणून जीव घाबरला की तुम्हालाच लिहावंसं वाटतं. फोन केला असता, पण तुमच्या कानांचं मला माहीत आहे. मागच्या खेपेला मी 'बरं आहे सगळं' म्हटलं आणि तुम्ही 'कोण वारलं?' म्हणून ओरडलात.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही आमच्या संस्थेत जी काळी पेटी बसवून दिलीत, सगळ्यांच्या फाइली एका जागी राहाव्यात म्हणून, ती मला घरून उघडत नाही. गुरुवारपासून. घरच्या कम्प्युटरवर त्या पेटीच्या, म्हणजे झेड ड्राइव्हच्या, चित्रावर लाल फुली येते, आत काही जाता येत नाही. ऑफिसच्या भागात दिवसभर वीज नसते, घराकडे दुपारची चार तास असते, म्हणून मंगळवारची बैठक सोडली तर मी घरूनच काम करते. आता तेही बंद.

काम अडलं म्हणून घाबरले नाही. त्या पेटीत काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. नवऱ्याच्या मारातून सुटून आलेली कोणती बाई आम्ही कोणत्या घरात ठेवली आहे, तिची मुलं कोणत्या शाळेत जातात, सगळं. अठरा तारखेला दाम्ब्वा वस्तीतल्या आमच्या एका घराच्या भिंतीवरून एक माणूस डोकावला. आतल्या बाईनं त्याला ओळखलं. तिचाच नवरा. तो पत्ता त्याला कसा कळला, कोणालाच सांगता येत नाही. संस्थेच्या प्रमुख मॅडम कुफेकिसांनी तेवीसला तिला लिबुयूतल्या दुसऱ्या घरात हलवलं, आणि त्याच्या आदल्या दिवशी आम्हा सगळ्यांना ऑफिसात बोलावून पासवर्ड बदलायला लावले. आणि लगेच माझा ड्राइव्ह बंद. मालुमे, कोणी आत शिरलंय का?

मॅडम कोर्टाच्या कामासाठी लुसाकाला आहेत. त्यांना अजून सांगितलेलं नाही. माझा नवरा म्विया म्हणतो, विजेच्या ये-जा करण्यानं झालं असेल. पण रोज टूरवरून आला की पहिला प्रश्न तोच विचारतो, 'झाला का तुझा ड्राइव्ह सुरू?' माझी काळजी त्याला लागून राहिली आहे.

तुमची,
नालिशेबो


सेनांगा,
मंगळवार, २८ मे

नालिशेबो, पोरी,

आधी पाणी पी.

शाळेच्या कम्प्युटरच्या खोलीत सकाळी तासभर नेट येतं, तेवढ्यात लिहितो. टेलिफोन खात्यात मी एकतीस वर्षं तारा जोडल्या. त्यातून एवढंच शिकलो की घाबरलेला माणूस निरोपाचा अर्थ सांगतो, शब्द सांगत नाही. 'आत जाता येत नाही' हा अर्थ झाला. पडद्यावर नेमकं काय लिहून येतं? अक्षर न् अक्षर लिहून पाठव.

तोवर तीन गोष्टी कर. ऑफिसात कोणाला तरी पेटीचा दिवा बघायला सांग. ती सौर बॅटरीवर आहे, वीज गेली म्हणून झोपणार नाही. मग घरून व्हीपीएन जोड, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची ती आपली वाट, आणि ती खरंच जोडली गेली का बघ. शेवटी पेटीला नावानं हाक मारू नकोस, आकड्यांच्या पत्त्यानं मार. राउटरवर मी चिकटपट्टीनं चिकटवला होता तो. कधी कधी नाव विसरलं जातं, पत्ता मात्र तिथंच असतो.

चोर आले की गडबड करत नाहीत, पोरी. गडबड करतात त्या जुन्या तारा.

लिसेलीचा दात पडला का?

मालुमे


लिव्हिंगस्टन,
बुधवार, २९ मे

मालुमे,

दिवा हिरवा आहे. व्हीपीएन जोडलं गेलं. नावानं हाक मारली तर 'सापडत नाही'. आकड्यांनी मारली तर सापडली, मी टाळीच वाजवली, आणि मग हे आलं. अक्षर न् अक्षर लिहिते.

'हे खातं तात्पुरतं बंद केलं आहे. फार वेळा चुकीचा पासवर्ड दिला गेला.'

मी दोनदाच दिला होता. दोनदाच, मालुमे! दोनदा म्हणजे फार वेळा कसं? बाकीच्या वेळी कोणी दिला? काल मी लिसेलीला शाळेतून आणताना तीनदा मागे वळून बघितलं. दात पडला, हो. तिनं तो कौलांवर फेकला आणि मला विचारलं, 'आई, तू कोणाला शोधतेस?'

नालिशेबो


सेनांगा,
गुरुवार, ३० मे

अगं वेडे,

तुझ्या दारावर धडका मारणारा तुझाच कम्प्युटर आहे! तू ऑफिसात पासवर्ड बदललास, पण घरच्या कम्प्युटरनं जुना पाठ करून ठेवलाय. तू नुसतं मशीन चालू केलंस की तो इमानदारीनं जाऊन जुना पासवर्ड देतो, पेटी नाही म्हणते, तो पुन्हा देतो. पाच वेळा झालं की पेटी खातं बंद करते. तसं मीच ठरवून दिलं होतं.

आता असं कर. कंट्रोल पॅनेलमध्ये जा. तिथं साठवलेल्या पासवर्डांची एक जागा आहे. पेटीच्या नावाची आणि आकड्यांची, दोन्ही नोंदी काढून टाक. मशीन बंद करून चालू कर. मग ऑफिसात पेटीच्या पानावर जाऊन स्वतःचं खातं उघड, तुझ्याकडे त्या पानाची किल्ली आहेच. घरून नवा पासवर्ड टाक. 'लक्षात ठेव' असं विचारेल, तिथं खूण करू नकोस.

झोप आता. आणि त्या म्वियाला सांग, वीज बिचारी प्रत्येक वेळी दोषी नसते.

मालुमे


लिव्हिंगस्टन,
शनिवार, १ जून

मालुमे, उघडला! उघडला, उघडला!

लाल फुली गेली. सगळ्या फाइली जिथल्या तिथं. मी खुर्चीतच बसून रडले आणि मग स्वतःवरच हसले. जुनी तार ती जुनी तार. तुमच्या हातांना शिवून नमस्कार करावासा वाटतो.

म्वियालाही इतका आनंद झाला की त्यानं बाजारातून दोन मोठे मासे आणले, न्शिमासाठी मक्याचं पीठ स्वतः ढवळलं, गुठळ्या झाल्या ते सोडा. मी पासवर्ड टाकत होते तेव्हा मागे उभा राहून माझे खांदे दाबत होता. म्हणाला, 'मा लिसेली, किती लांबलचक आहे हा! तुझं नाव तरी एवढं मोठं आहे का?' बऱ्याच दिवसांनी घरात असं हसणं झालं. मे महिनाभर तो गप्प गप्पच होता. मी म्हटलं टूर कमी झाल्या, नदीला पाणी नाही, धबधबा बघायला कोण येणार.

लिसेली सांगते, आजोबांना माझा पापा.

नालिशेबो


लिव्हिंगस्टन,
बुधवार, ५ जून

मालुमे,

पुन्हा बंद झालं. तेच वाक्य.

मी खूण केली नव्हती. साठवलेल्या जागेत आत्ता बघितलं, काही नाही. सोमवारी संध्याकाळपर्यंत उघडत होता. काल मंगळवार, मी दिवसभर ऑफिसात बैठकीला होते, पासवर्ड कुठेही टाकलेला नाही. आज सकाळी बंद.

या वेळी जुनी तार नाही ना?

ना.


सेनांगा,
गुरुवार, ६ जून

नालिशेबो,

नाही.

पेटी नोंदवही ठेवते. उद्या ऑफिसात जा, एकटी असशील तेव्हा तिच्या पानावर नोंदी उघड आणि तुझ्या नावापुढच्या सगळ्या ओळी उतरवून घे. एक मेपासून. कोणत्या वेळी, कोणत्या पत्त्यावरून, काय उघडलं. तू स्वतः केलेल्या ओळींवर काट मार. ज्या उरतील त्या मला पाठव.

घरून काही करू नकोस. आणि हे कोणाशी बोलू नकोस. कोणाशीही.

मंगळवारी दुपारी तुमच्या घरी कोण असतं?

मालुमे


लिव्हिंगस्टन, ऑफिसातून,
शुक्रवार, ७ जून

मालुमे,

उरलेल्या ओळी या:

७ मे, मंगळवार, दुपारी २ वाजून ५ मिनिटं. प्रवेश झाला. 'घरं' फाइल उघडली.
१४ मे, मंगळवार, २ वाजून ९ मिनिटं. प्रवेश झाला. 'घरं' उघडली.
२१ मे, मंगळवार, २ वाजून ३ मिनिटं. प्रवेश झाला. 'घरं' उघडली.
२८ मे, मंगळवार, २ वाजून ११ मिनिटं. खातं बंद असल्यानं नाकारलं.
४ जून, मंगळवार, २ वाजून १२ मिनिटांपासून २ वाजून २० मिनिटांपर्यंत. चुकीचा पासवर्ड, पाच वेळा. खातं बंद.

सगळ्या ओळींपुढे एकच पत्ता आहे. व्हीपीएन माझ्या घरच्या कम्प्युटरला देतं तो.

घरी कोणी नसतं त्या वेळी. लिसेली शाळेत असते. म्विया सकाळी पर्यटकांना धबधब्यावर सोडतो आणि चारला परत घेतो, मधे तो तिकडेच गाड्यांच्या तळावर थांबतो. दाराचं कुलूप शाबूत आहे.

मालुमे, दूर कुठेतरी बसून कोणी माझ्या कम्प्युटरचं सोंग घेऊ शकतं ना? मी वाचलंय असं. रशियात वगैरे बसून करतात. तुम्ही एकदा म्हणा की असं होऊ शकतं.

नालिशेबो


सेनांगा,
शनिवार, ८ जून

नालिशेबो,

आज शाळा बंद. मुख्याध्यापिकेकडून किल्ली मागून बसलोय.

असं होऊ शकतं असं लिहिता आलं असतं तर मी ते तुला हजार वेळा लिहून दिलं असतं. रशियातला माणूस दर मंगळवारची वाट बघत महिनाभर थांबत नाही, आणि थांबलाच तर तुझ्या घरच्या विजेचं वेळापत्रक बघून थांबत नाही. चार तारखेची ती आठ मिनिटं बघ. मशीन एका सेकंदात पाच वेळा चुकतं. आठ मिनिटं माणसाला लागतात. एकेक अक्षर आठवून टाकणाऱ्याला. कोणाच्या तरी खांद्यावरून बघितलेलं आठवणाऱ्याला.

तू मला सगळं सांगितलेलं नाहीस. दाम्ब्वाच्या भिंतीवरून डोकावलेल्या त्या माणसाचं नाव तू लिहिलं नाहीस. मी विचारत नाही. तुझं तुला माहीत आहे.

आता माझं ऐक. 'लक्षात ठेव'ची ती खूण दोन वर्षांपूर्वी तुझ्या घरच्या मशीनवर मीच केली होती. तुला रोज टाकायचा त्रास नको म्हणून. सात मे, चौदा मे, एकवीस मे, ही तिन्ही दारं मी उघडी ठेवली. हे मी गेल्याच आठवड्यात सांगायला हवं होतं, लाज वाटली.

आणि दुसरं, जे तू चाळीस वर्षांची झालीस तरी मी तुला सांगितलं नाही. लहानपणी तू विचारायचीस, आई एकाच बाजूनं का हसते? आम्ही म्हणायचो, तिची तशीच रीत आहे. तुझ्या आईचा जबडा तुझ्या वडिलांनी मोडला होता. त्याआधी ती दोनदा पळून माझ्याकडे आली होती. दोन्ही वेळा तो माझ्या अंगणात येऊन रडला. खोटं नाही रडला, पोरी. अगदी खरं रडला. मी मामा, मध्यस्थी माझं काम. मी तिचं बोचकं माझ्या डोक्यावर घेतलं आणि तिला परत पोचवून आलो. तिसऱ्यांदा ती काकूच्या घरी लपली आणि तो रडत आला तेव्हा मी त्याला काकूचं घर दाखवलं. जबडा त्या दिवशी मोडला.

म्हणून सांगतो. आज घरी काही विचारू नकोस. भांडू नकोस. आधी ती बाई आणि तिची मुलं तिथून हलव. मग कम्प्युटर. मग नवरा. या क्रमात एकही पायरी वर-खाली करू नकोस.

मालुमे


लिव्हिंगस्टन, पोस्टासमोरच्या कॅफेतून,
सोमवार, १० जून

मालुमे,

तुमचं पत्र मी बाजारात, टोमॅटोच्या ढिगापाशी उभी राहून वाचलं. बाईनं विचारलं, 'मॅडम, किती देऊ?' आणि मला आकडाच सुचेना. आईबद्दल आत्ता काही लिहीत नाही. लिहिता येणार नाही.

त्याचं नाव लुबिंदा. म्वियाचा चुलत भाऊ. कालाबोत दोघं एका अंगणात वाढले, एका ताटात जेवले. त्याची बायको मोंदे आमच्या संस्थेत आली तेव्हा मी घरी ब्र काढला नव्हता. पण नात्यात कळतंच. एप्रिलमध्ये लुबिंदा आमच्या घरी आला, म्वियापाशी ओसरीवर बसून रडला, मुलांचं तोंड बघायचंय म्हणाला. मी चहा देऊन आत गेले. तुम्हाला नाव लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर मलाही दिसलं असतं.

मॅडम शनिवारी परतल्या. त्यांना सगळं सांगितलं. त्या मला ओरडतील वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, 'तुझं मूल कुठे आहे?'

काल सकाळी मोंदे आणि तिची दोन्ही मुलं गेली. चर्चच्या ट्रकमधून, गाणाऱ्या बायकांच्या घोळक्यात, त्यांच्यासारखाच पांढरा सदरा आणि लाल टोपी घालून. बायका गात होत्या आणि मोंदे नुसते ओठ हलवत होती. कुठे गेली ते मलाही सांगितलेलं नाही, मीच नको म्हटलं.

मग मॅडमनी पोलिसांच्या पीडित-साहाय्य कक्षातल्या बाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, आज हा पत्ता चुकला तर लुबिंदा दुसरा शोधेल, आणि आपल्याकडे त्याच्या हेतूचा पुरावा नाही. 'घरं' फाइलमध्ये मोंदेच्या नावापुढे आता मारांबातलं एक रिकामं घर लिहिलं आहे. शेजारच्या आवारात पोलीस थांबतील.

फक्त आत जाणाऱ्याला आत जाता यायला हवं, म्हणून बंद झालेलं खातं मी पुन्हा उघडलं.

मालुमे, काल संध्याकाळी मी कम्प्युटर लावला. म्विया मागे येऊन उभा राहिला. मी पासवर्ड हळू टाकला. एकेक अक्षर. लिसेलीला मुळाक्षरं शिकवताना टाकते तसा. मग शाल घट्ट ओढून घेतली. तो म्हणाला, 'किती गारठलीस गं, चहा करू का?' आणि त्यानं खरंच चहा केला. साखर बरोबर घातली होती. तो चहा मी प्यायले.

त्यानं काही केलंच नाही तर? उद्या चहा करून देणारा तो माणूसच खरा निघाला तर? रात्रभर मी देवाकडे तेच मागितलं, आणि लगेच मला मोंदेची शरम वाटली.

उद्या मंगळवार.

नालिशेबो


सेनांगा,
मंगळवार, ११ जून, सकाळचे साडेदहा

नालिशेबो,

आत्ता वाचलं. असं करू नका. मॅडमना सांग, पोलिसांना सांग, आधी त्या म्वियाला कुठेतरी अडवा. हात कोणावर उठेल हे रडणाऱ्या माणसाला स्वतःलाही माहीत नसतं. त्या घरापाशी तू जाऊ नकोस. लिसेलीला शाळेतच ठेव.

मुख्याध्यापिकेनं माझ्या वतीनं तुला चार वेळा फोन लावला. वाजतो आणि कोणी उचलत नाही. वाजतो असं ती म्हणते. मी तिच्या तोंडाकडे बघत बसलोय.

अकराची सेशेकेची बस धरतो. तिथून पुढे मिळेल ते. पत्र मिळाल्याबरोबर एक शब्द लिही, कुठलाही.

मालुमे


लिव्हिंगस्टन,
गुरुवार, २० जून

आदरणीय मालुमे,

तुम्ही आमच्याकडे पाच दिवस राहून गेलात आणि माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. ते बरोबरच होतं. समोर बोलायचं धाडस मलाही झालं नाही. आता डाव्या हातानं एकेक अक्षर टाकतोय, उजव्याला चौदा टाके आहेत.

पोलिसांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो, आणि जे सांगितलं नाही तेही.

तो रडला, मालुमे. एप्रिलपासून रडत होता. म्हणाला, दार उघडलं नाही तरी चालेल, बाहेरून मुलांना बघून येतो. मी म्हटलं, एक पत्ता तर आहे. माझी बायको चुकीचं काम करते असं मला कधी वाटलं नाही, फक्त या एका माणसाच्या बाबतीत तिला माहिती नाही असं वाटलं. लुबिंदाला मी ओळखतो, तिनं फक्त त्याची फाइल वाचली आहे, असं.

मंगळवारी मला पत्ता मिळाला. एका फटक्यात मिळाला. मी व्हॅन घेऊन लुबिंदाला आणायला गेलो. त्याच्याकडे मुलांसाठी बिस्किटांचे पुडे होते आणि एक पोतं होतं. मी विचारलं, 'पोत्यात काय?' म्हणाला, 'कामाची अवजारं. परतताना मालकाकडे टाकायचीत.' पोलिसांना मी सांगितलं की मला माहीत नव्हतं. पण मालुमे, गाडी खड्ड्यातून गेली तेव्हा पोतं वाजलं. तो आवाज मला ओळखता आला होता. मी रेडिओ मोठा केला.

घराशी उतरल्यावर त्यानं बिस्किटं सीटवरच ठेवली. तेव्हा मला कळलं. लाथ मारून दार उघडलं, 'मोंदे!' म्हणून ओरडला, आणि कोयता हातात. मी मागून त्याला मिठी मारली. एवढंच केलं. लहानपणी कुस्तीत मी त्याला असाच धरायचो. त्यानं न बघता हात मागे मारला. मग पोलीस आले. खोलीत कोणी नव्हतं. एक खुर्चीसुद्धा नव्हती. त्या रिकाम्या खोलीत तो तिचं नाव घेऊन ओरडत होता.

ती आत असती तर, या विचारानं मला आता जेवण जात नाही.

मी त्याच्या विरोधात जबाब दिला आहे. आई कालाबोहून निरोप पाठवते की मी भाऊ विकला.

आणखी एकच. दवाखान्यात पडल्या पडल्या मला रविवारची संध्याकाळ आठवली. तिनं पासवर्ड किती हळू टाकला होता. सगळी अक्षरं दिसली म्हणून मी मनात इतका खूश झालो की तिच्यासाठी चहा करायला गेलो. मालुमे, तिला तेव्हा माहीत होतं. तिनं तो चहा माझ्यासमोर बसून संपवला.

माझ्यासाठी तिच्यापाशी शब्द टाका असं म्हणायला हे पत्र सुरू केलं होतं. आता ते म्हणवत नाही.

तुमचा,
म्विया


सेनांगा,
शनिवार, २२ जून

नालिशेबो, पोरी,

सुखरूप पोचलो. बसमध्ये एक बाई मला दोन तास काहीतरी सांगत होती, मी मान हलवत होतो, उतरताना तिनं माझे आभार मानले.

तुझ्या नवऱ्याचं पत्र आलं. त्यानं मध्यस्थी मागितलेली नाही आणि मागितली असती तरी मी केली नसती. या घराण्यात मामानं केलेली मध्यस्थी पुरे झाली. पत्र खरं वाटलं एवढंच सांगतो. पण मला रडणंही खरं वाटलं होतं, तेव्हा माझ्या वाटण्याला किती किंमत द्यायची ते तू ठरव.

तू परत गेलीस तर मी तुझं बोचकं उचलणार नाही. नाही गेलीस तर माझ्या घरात दोन खोल्या आहेत आणि शाळेला कम्प्युटर शिकवायला माणूस हवा आहे.

पेटीचं बघितलंस का? जुनं खातं कायमचं काढ. नवं कर. नवा पासवर्ड मलाही सांगू नकोस.

मालुमे


लिव्हिंगस्टन, ऑफिसातून,
शुक्रवार, २८ जून

मालुमे,

खातं काढलं. नवं केलं. पेटी पहिल्या झटक्यात उघडली, कुठली फुली नाही, कुठलं वाक्य नाही. तरी उघडण्याआधीच्या त्या दोन सेकंदांत मी मागे वळून बघते. ती सवय आता तशीच राहील बहुतेक.

मोंदेनं मॅडमकडे निरोप पाठवला. मुलगी शाळेत जायला लागली, मुलगा अजून अंथरूण ओलं करतो. तिनं विचारलंय, पत्ता कसा फुटला ते कळलं का? मॅडम म्हणाल्या, तिला सांगायचं का ते तू ठरव. मी काल पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, कोणाचा नवरा ते, कोणाच्या घरातून ते. ती मला कधी माफ करणार नसेल तर तो तिचा हक्क आहे.

मी आणि लिसेली मॅडमच्या मागच्या खोलीत राहतो. लिसेली विचारते, बाबाच्या हाताचे टाके काढताना दुखलं का? मी सांगते, विचार त्याला. रोज संध्याकाळी फोनवर ती विचारते, आणि मी बाहेर जाऊन उभी राहते, आणि दारातून ऐकते.

आईबद्दल तुम्ही लिहिलंत त्यावर मी आजपर्यंत उत्तर दिलं नाही. मला तुमचा राग आला आहे, मालुमे. फार. तुम्ही अकराची बस धरलीत, सेशेकेपासून पुढे मासळीच्या ट्रकमधून आलात, माझ्या दारात उतरलात तेव्हा पाय सुजले होते तुमचे, हेही मी बघितलं आहे. दोन्ही एकाच वेळी मनात आहे. तुम्हाला पत्र लिहिणं मी सोडणार नाही, एवढं सांगते.

आज दुपारी म्वियानं घरचा कम्प्युटर आणून दिला. इथे जास्तीचा हवा होता म्हणून मॅडमनीच मागवला. एका हातानं छातीशी धरून आणला, वायरी गुंडाळून, पडदा लिसेलीच्या शालीत लपेटून. उंबऱ्याबाहेरच ठेवला, आत पाय टाकला नाही. वाळलाय फार. त्यानं खाली बघतच विचारलं, 'मा लिसेली, सहाला अंधार पडतो हल्ली. पोचवायला थांबू का?'

मी म्हटलं, 'मला माहीत नाही.'

त्याला पाच तास होत आले. खिडकीतून व्हॅन दिसते आहे, कडुलिंबाखाली, दिवे बंद. आत तो बसलेला आहे, एवढंच दिसतं, चेहरा दिसत नाही. माझं काम केव्हाच संपलं. मी तुम्हाला हे पत्र लिहीत बसले आहे, कारण ते संपलं की मला उठावं लागेल, आणि तो अजून तिथेच आहे याची मला भीती वाटते की आधार, ते दार उघडून बाहेर पाऊल टाकल्याशिवाय मला कळणार नाही.

नालिशेबो